पिकअपला एसी आणि बाबांना कानटोपी

आमची पिकअप एकूण बावीस किलोमीटर वातानुकूलित होती.

म्हणजे गाडी त्याच्या आधीही होती आणि नंतरही राहिली. एसी मात्र धसईजवळच्या आमच्या गावातून निघाला आणि शहापूरला पोहोचण्याआधीच, किन्हवलीच्या अलीकडच्या एका चढावर गतप्राण झाला. तो बसवण्याची कल्पना माझी, मिस्त्री शोधला मी, आणि एसीचा जीव घेतला तोही मीच! हे आधीच कबूल करून टाकतो. कारण आमच्या घरात ही गोष्ट सांगणारे निदान चौदा जण आहेत आणि प्रत्येकाच्या तोंडी माझा मूर्खपणा थोडा थोडा वाढत जातो.

आमचे बाबा सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. अठ्ठावीस वर्षं त्यांनी एकच पिकअप चालवली. पुढे लांब नाक, गोल दिवे, मागे उघडा हौदा, त्यावर ताडपत्री टाकायला लोखंडी कमानी. दार लावताना आधी उचलायचं, मग ढकलायचं आणि मग पुन्हा उघडून नीट लावायचं. खात्याने गाडी लिलावात काढली त्याच वर्षी बाबाही निवृत्त झाले. लिलावात बोली लावणारे ते एकटेच होते (एक भंगारवाला आला होता, पण गाडी पाहून परत गेला). बाबा ती घेऊन अंगणात आले तेव्हा आईने दारातूनच विचारलं, "आता ही पन हितंच ऱ्हानार?"

त्या दिवसापासून आई तिला सवत म्हणायची. "सवतीची आंघोळ झाली आसंल तर जेवाय या," अशी रोज हाक यायची आणि बाबा फडकं पिळत निमूट घरात यायचे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका मे महिन्यात मुरबाडच्या बाजारात भर दुपारी बाबा कोसळले. ऊन लागलं. दोन दिवस ते कुणाला ओळखत नव्हते. मी दवाखान्याच्या बाकावर बसून होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं, की बाबांशिवायचं घर कसं असेल याचा विचार मी कधी केलेलाच नाही. ते बरे झाले. डॉक्टरांनी मात्र बजावलं, "पुढच्या उन्हाळ्यात यांना दुपारचं बाहेर काढायचं नाही. परत ऊन लागलं तर माझ्याकडे आणूही नका."

आणि पुढच्याच मे महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचं, रंजनाचं लग्न ठरलं! जावईबापू नोकरीला लांब, त्यांना रजा मिळायची ती मे महिन्यातच. त्यांची आजी शहापूरला अंथरुणाला खिळलेली, तिला नातवाचं लग्न पाहायचं होतं. म्हणून लग्न त्यांच्या दारी.

"बाबा नसतील तर मी हार घालनार नाय," रंजनाने जाहीर केलं.

"मी येनार," बाबा म्हणाले.

"उन्हातून?"

"गाडीतून."

"कुठल्या गाडीतून?"

बाबांनी अंगणाकडे नुसतं बोट दाखवलं. मी त्यांना समजावलं, की भाड्याने एसीची मोटार मिळते, तिच्यात निवांत झोपून जा. त्यावर ते ताठ बसले. "अठ्ठावीस वर्सं सायबांना ह्याच गाडीतनं नेलं. आता लेकीच्या लग्नाला परक्याच्या गाडीत बसू? जाईन तर माझ्या गाडीनं, नायतर घरीच बसंन."

कुठलाही शहाणा मुलगा इथे बापाची समजूत काढत बसला असता. पण मी शहाणा नव्हतो, विज्ञानशिक्षक होतो. नववीला उष्णतेचा धडा अकरा वर्षं शिकवत होतो. मी म्हणालो, "बाबा एसीच्या गाडीत जात नाहीत ना? मग गाडीलाच एसी लावू!"

आई म्हणाली, "सवतीला आता गार हवा पायजे?"

मुरबाडला सदू मिस्त्री होता. पाण्याचे पंप, ट्रॅक्टर, लग्नातले भोंगे आणि आइस्क्रीमच्या दुकानातला फ्रीज हे सगळं तो एकाच पान्याने दुरुस्त करायचा. त्याने पिकअपभोवती तीन फेऱ्या मारल्या, बॉनेट उघडलं, आत वाकून पाहिलं आणि बराच वेळ वर आलाच नाही.

"मास्तर, एसी बसंल," तो शेवटी म्हणाला. "पन गाडी त्याला झेपवंल का, ते तुमी बाबांना विचारा."

"झेपंल," बाबा ओट्यावरून म्हणाले. "तिनं सायेब झेपवलेत."

आठवड्याभरात सदू कुठल्याशा परदेशी मोटारीतून निघालेला एसी भंगारातून घेऊन आला. त्याच्या बटणांवरची अक्षरं कुठल्या लिपीतली होती ते शेवटपर्यंत कळलं नाही. तीन दिवस आमच्या अंगणात कापणं, ठोकणं आणि जोडणं चाललं. गाव जमलं, की मी पुढे व्हायचो. खडूने पिकअपच्या दारावर आकृती काढून समजवायचो, की हा कॉम्प्रेसर, हा इंजिनाच्या जोरावर पट्ट्याने फिरतो. हा केबिनमधला डबा, यातून गार वारा येतो. आणि ही जाळी, ही गाडीच्या नाकात रेडिएटरच्या पुढे बसते आणि आतली सगळी उष्णता बाहेर टाकते. तिला समोरून भरपूर वारा लागलाच पाहिजे! हे वाक्य मी दारावर लिहून त्याखाली दोन रेघाही ओढल्या. (तुम्ही हे लक्षात ठेवायची गरज नाही. मीही ठेवलं नव्हतं.)

खरा प्रश्न केबिनचा होता. आमची केबिन अतिशय हवेशीर. तळाला एवढी भोकं, की बसल्या जागी खालचा रस्ता दिसायचा. आईची एक चप्पल टोकावड्याच्या रस्त्यावर अशीच गेलेली. गार वारा आत टिकावा म्हणून सदूने सगळी भोकं गोणपाट आणि डांबराने बुजवली. खिडक्यांच्या काचा वर करून कडेने कसलासा चिकट लगदा भरून कायमच्या बंद केल्या. समोरच्या काचेच्या फटीही लिंपल्या. "आता आतला वारा भायेर नाय आनि भायेरचा आत नाय," तो अभिमानाने म्हणाला. मीही मान डोलावली.

आणि एसी चालू झाला! खरोखर चालू झाला! डब्यातून असा गार वारा आला, की अंगणात जल्लोष झाला. "हात घाल गो, हात घाल!" म्हणून बायका एकमेकींना पुढे ढकलायला लागल्या. शेजारची गंगूआत्या (बाबांची चुलत बहीण, वय आणि आवाज दोन्हींनी मोठी) आत जाऊन बसली ती उतरेचना. शेवटी इंजिन बंद केलं तेव्हा म्हणाली, "अरे, डोळा लागत व्हता. जरा पुना लाव."

दोन किरकोळ दोष राहिले. एक म्हणजे हॉर्न वाजवला, की एसी बंद पडायचा आणि पुन्हा सुरू व्हायला त्याला समजावावं लागायचं. दुसरा, डब्यातून पाणी ठिबकायचं ते नेमकं मधल्या माणसाच्या गुडघ्यावर. सदूने एक नळी लावून दिली आणि नळीचं तोंड आईच्या हातातल्या तांब्यात सोडलं. "भरला का वता," एवढीच सूचना.

मला हे दोष दिसतच नव्हते. मी मुरबाडच्या पेंटरला बोलावून दोन्ही दारांवर लाल रंगात 'वातानुकूलित' असं लिहून घेतलं. अक्षर फार सुंदर आलं होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं. म्हणजे ऊन चढायच्या आत बाबा शहापुरात, एसी लागणार तो फक्त परतताना. बाबा साडेपाचलाच पांढरा शर्ट घालून, पांढरं धोतर नेसून ओट्यावर तयार. रंजना, मामा आणि तिच्या मैत्रिणी सातला जीपमधून पुढे गेल्या. जाताना तिने खिडकीतून मला सांगितलं, "दादा, बाबांना नीट आन. बाकी काय नको मला."

"एसी आहे गो!" मी म्हणालो.

आणि इथेच घात झाला. सहाला निघायचं ते का? तर ऊन लागू नये म्हणून. पण एसी असताना ऊन लागणार कसं? मग घाई कशाला? हा विचार एकट्या माझ्याच नव्हे, अख्ख्या वऱ्हाडाच्या डोक्यात एकाच वेळी आला. कुणी निवांत चहा ठेवला. कुणी इस्त्रीला कपडे पाठवले. त्यात आमच्या बौद्ध लग्नांत मुहूर्त बघत नाहीत. पत्रिकेत साडेबारा लिहिलेलं असतं, पण ती वेळ आम्ही सदिच्छा म्हणून घेतो. नऊ वाजले. दहा वाजले.

मग केबिनचा वाद! आत जागा तीन माणसांची. मी चालवणार, मध्ये आई तांब्या घेऊन, खिडकीशी बाबा. गंगूआत्या म्हणाली, "भावाच्या लेकीचं लगीन नि मी मागं वाऱ्यात? मान कुनाचा मोठा?" ती आईच्या जागेवर जाऊन बसली आणि एसी लावून घेतला. आई दार धरून उभी. शेवटी बाबांनीच निवाडा केला, की किन्हवलीपर्यंत आई, किन्हवलीपासून गंगूआत्या. तांब्यासकट. आत्या पुटपुटत बाकीच्या वऱ्हाडाबरोबर मागच्या हौद्यात चढली.

निघता निघता मला आठवलं, की लग्नाचा फलक राहिलाच! 'आयु. रंजना हिचा मंगल परिणय' असा मोठा कापडी फलक मी रंगवून घेतला होता. बांधायचा कुठे? गाडीच्या कडेला बांधला तर 'वातानुकूलित' झाकलं जाणार. ते काही माझ्याच्याने होईना. मग मी तो गाडीच्या नाकावर बांधला. या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत, घट्ट, चार गाठी मारून, एक सुरकुती राहू दिली नाही.

साडेअकराला निघालो.

सरळगावपर्यंतचा प्रवास मी जन्मात विसरणार नाही. बाहेर रस्त्यावर डांबर वितळत होतं आणि आत आम्ही कुडकुडत होतो! बाबा डोळे मिटून हसले. "माळशेजला गेल्यावानी वाटतंय रे." ते ऐकून माझी छाती अशी फुगली, की स्टिअरिंगला लागली.

"तुमाला बाधंल," आई म्हणाली. तिने पिशवीतून स्वेटर काढला, बाबांना घातला, वर लोकरीची कानटोपी चढवली आणि हनुवटीखाली बटण लावलं. मे महिन्यात! (तिने स्वेटर बरोबर घेतला होता, म्हणजे माझ्या एसीवर विश्वास ठेवणारी घरात ती एकटीच होती.) बाबांना झोप लागली. हॉर्न वाजवायची सोय नव्हती. म्हणून वाटेत गुरं आली, की आई दार थोडं किलकिलं करून ओरडायची, "हट! हट हट!" आणि त्याच फटीतून तांब्या रिकामा करायची.

सरळगाव गेलं. किन्हवलीच्या रस्त्याला लागलो. इंजिन जरा कण्हायला लागलं, पण मी म्हटलं भरली गाडी आहे, कण्हणारच. तापमानाचा काटा पाहावा तर तो लिलावाच्या आधीपासून बंद. समोर चढ आला. मी गिअर टाकला. गाडी अर्ध्या चढावर गेली, थरथरली आणि पुढच्या बाजूला धाडकन आवाज झाला. डब्यातून फस्स करून पांढरा धूर निघाला आणि मला स्टिअरिंगसुद्धा दिसेना!

"आग लागली गो!" मागून गंगूआत्या ओरडली आणि आमचं वऱ्हाड चारी दिशांना उड्या मारून मोकळं झालं. आग नव्हती, एसीची नळी फुटून गॅस बाहेर पडला होता. पाठोपाठ बॉनेटखालून वाफेचा लोट निघाला. मी कसाबसा दार उचलून, ढकलून बाहेर आलो आणि पलीकडे जाऊन बाबांना काढलं. कानटोपी घातलेले बाबा पांढऱ्या धुरातून शांतपणे बाहेर आले.

"काय रे," त्यांनी विचारलं, "माळशेज आला?"

पहिल्यांदा सगळे हसले. मग हसू थांबलं, कारण वर पाहिलं तर सावली नव्हती. दोन्ही बाजूंना सागाची झाडं आणि मे महिन्यात सागाला पान नसतं. साडेबाराचं ऊन डोक्यावर. केबिन धुराने भरलेली, हौद्याचा पत्रा तापलेला. बाबा गाडीच्या कडेला टेकून बसले. मी त्यांचा स्वेटर काढला, पण टोपीचं बटण निघेना. त्यांचा चेहरा लाल व्हायला लागला. मी विचारलं, "बाबा, पाणी देऊ?" त्यांनी माझ्याकडे ओळख नसल्यासारखं पाहिलं. गेल्या वर्षी मुरबाडच्या बाजारात ते असेच पाहत होते. आई त्यांच्यासमोर पदर धरून उभी होती, सावली म्हणून. तेवढीच सावली होती.

मला रंजनाचं वाक्य आठवलं आणि इतकं भरून आलं, की मी भर रस्त्यात रडायचाच बाकी होतो. दोन गाड्या गेल्या, दोन्ही वऱ्हाडाने खचाखच भरलेल्या.

तेवढ्यात सागाच्या झाडांमधून तीन बायका डोक्यावर पाट्या घेऊन चढून आल्या. खालच्या वाडीवरच्या. संध्याकाळच्या शहापूरच्या बाजाराला भेंडी घेऊन निघालेल्या आणि टेंपोची वाट पाहायला रस्त्याला आलेल्या. पुढची बाई साधारण आईच्या वयाची. तिचं नाव सोमीबाय हे नंतर कळलं. तिने बाबांकडे पाहिलं, पाटी खाली ठेवली आणि सरळ जाऊन बाबांच्या कपाळाला हात लावला.

"ह्याला टोपी कुनी घातली?"

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. तिने एका हिसक्यात टोपी काढली, बटण तुटून उडालं. मग तिने आपल्या पाटीवरचं ओलं गोणपाट उचललं आणि बाबांच्या डोक्यावर, खांद्यांवर टाकलं. दुसऱ्या दोघींना म्हणाली, "जा गो, डवऱ्याचं पानी आना. पाला बी आना." खाली ओढ्याच्या वाळूत पाण्यासाठी खणलेला खड्डा होता. आमचे वऱ्हाडी डबे घेऊन त्यांच्या मागे पळाले.

"भेंडी दुपारच्याला बाजारात न्यायची आसंल तर कशी नेत्यात?" सोमीबाय मला म्हणाली. "वलं गोनपाट, वर पळसाचा पाला, नि वारा खेळता. उतरवली का सकाळी तोडल्यावानी. मानसाला येगळं काय आसतं?"

तिने बाबांना हौद्यात चढवायला सांगितलं. लोखंडी कमानींवर गोणपाटं टाकली, त्यावर पळसाच्या फांद्या, वरून डबे ओतले. एक बाजू उघडी राहिली. "आनखी एक कापड पायजे व्हतं," म्हणत ती गाडीच्या पुढे गेली आणि तिथेच थांबली.

"मास्तर, गाडीच्या नाकावर ह्ये काय बांधलंस?"

"लग्नाचा फलक," मी म्हणालो.

"मंग ती शास कुठनं घेनार? आमी भेंडी झाकतो, तरी बाजूनं वारा सोडतो. कोंडलं का सडतं. एवडं बी कळंना?"

चौदा वऱ्हाडी माझ्याकडे पाहत होते. त्यातल्या चौघांना मी नववीला उष्णतेचा धडा शिकवला होता! मी पुढे झालो आणि चारही गाठी सोडल्या. गाठी फारच चांगल्या बसल्या होत्या. फलक डवऱ्याच्या पाण्यात बुडवून आम्ही हौद्याच्या उघड्या बाजूला बांधला.

आत, पाल्याच्या हिरव्या अंधारात, बाबा भेंडीच्या पाट्यांमध्ये पाय पसरून बसले होते. आई त्यांच्या तळव्यांना पाणी लावत होती. पाच मिनिटं गेली. दहा गेली. त्या दहा मिनिटांत मी एसीलाच नव्हे, विज्ञानालाही मनातल्या मनात सोडचिठ्ठी दिली. मग आतून आवाज आला.

"सदूचा पट्टा काप."

"काय बाबा?"

"एसीचा पट्टा काप, इंजिनाला भार नको. रेडिएटर निवू दे, मग पानी घाल. आनि पयल्या गिअरात घे चढ, मगाशी दुसऱ्यात घेतलास."

बाबा परत आले होते! आईने पदर डोळ्यांना लावला. मी गाडीच्या पुढे जाऊन उगाचच बॉनेटमध्ये तोंड खुपसलं, कारण माझेही डोळे कोरडे नव्हते. सोमीबायने पाट्या चढवल्या. आम्ही शहापूरलाच जात होतो, तिलाही तिथेच जायचं होतं. टेंपोची वाट कशाला पाहायची?

किन्हवली पुढ्यातच होती, म्हणजे आता केबिनची पाळी गंगूआत्याची. पण मान एव्हाना मागे गेला होता! आत्या म्हणाली, "मी भावाला सोडून कुटं जानार नाय," आणि भेंडीजवळ फतकल मारून बसली. पाठोपाठ अख्खं वऱ्हाड पाल्याखाली कोंबून बसलं. केबिनमध्ये मी एकटा. काचा चिकटवलेल्या, फटी लिंपलेल्या, तळ डांबराने बुजवलेला आणि समोर तापलेलं इंजिन. बाहेरचा वारा आत नाय, असं सदू म्हणाला होता. तो शब्दाचा पक्का होता. मागून गार गार पाल्याखालून हसण्याचे आवाज येत होते आणि मी घामाने निथळत, पहिल्या गिअरात, चढ चढत होतो.

शहापुरात मांडवाशी पोहोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. मुलाकडचा आचारी दारातच उभा होता. ओला पाला, गोणपाटं आणि बाहेर डोकावणारी भेंडी पाहून त्याने हात केला, "भाजीची गाडी मागल्या दारानं घ्या! मागल्या दारानं!" मी काही सांगायच्या आत दोघे जण हौद्याशी धावले, फलक बाजूला केला आणि भेंडीची पाटी ओढायला हात घातला. पाटीच्या मागे नवरीचा बाप बसला होता.

"जयभीम," बाबा म्हणाले. "हात द्या जरा."

केसांत पळसाचं पान, शर्टाला गोणपाटाचे धागे, पण चेहरा एकदम टवटवीत. रंजना पांढऱ्या साडीत मांडवातून धावत आली. तिने हार अजून घातला नव्हता, दीड तास सगळ्यांना थांबवून ठेवलं होतं. ती बाबांच्या गळ्यात पडली आणि हसली की रडली ते तिलाही सांगता आलं नसतं. बौद्धाचार्य म्हणाले, "आपल्यात मुहूर्त नाही, त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं." बाबांनी सोमीबायला आणि तिच्या दोघी सोबतिणींना हाताला धरून पुढच्या ओळीत, आईच्या शेजारच्या खुर्च्यांवर बसवलं. सोमीबाय म्हणाली, "माझी भेंडी सुकंल." आचाऱ्याने सगळी भेंडी तिथेच घेतली, तेव्हा ती निवांत बसली.

त्यानंतर बाबांनी आणखी अकरा उन्हाळे पाहिले. दर मे महिन्यात त्यांच्या खिडकीवर ओलं गोणपाट असायचं आणि दर मे महिन्यात एकदा ते सकाळी सहाला (खरोखर सहाला!) पिकअप काढून सोमीबायच्या वाडीवर जाऊन यायचे. मीही बरोबर जायचो. ती मला चहा द्यायची आणि विचारायची, "मास्तर, पोरांना अजून शिकिवतोस?" मी हो म्हणायचो. ती पोरांची काळजी केल्यासारखी मान हलवायची. त्या बाईचं ऋण मी कशाने फेडणार? ती त्या चढावर आली नसती, तर आज ही गोष्ट सांगताना मला हसू आलं नसतं, आणि आमच्या घरात पुन्हा कुणालाच कधी हसू आलं असतं की नाही कोण जाणे.

आता राहिलं लग्न. ते छान झालं असं सगळे सांगतात. मला खात्रीने सांगता येत नाही. त्रिशरणाला सगळे उभे राहिले, बौद्धाचार्यांनी पहिली ओळ म्हटली आणि केबिनमध्ये भाजून निघालेला मी मुलाकडच्या मंडळींच्या अंगावर आडवा झालो. मला ऊन लागलं होतं! शुद्ध आली तेव्हा बाबा पत्रिकेने मला वारा घालत होते, आई माझ्या तळव्यांना पाणी लावत होती आणि सोमीबाय माझ्या डोक्यावर गोणपाट पिळत होती. व्हिडिओवाल्याने हार घालण्याचा प्रसंग सोडून हेच सगळं टिपलं. आजही घरी नवा पाहुणा आला, की रंजना ती कॅसेट लावते आणि जावईबापू पडद्याकडे बोट दाखवून ओळख करून देतात, "हे वारा घालतायत ते सासरे, त्यांची तब्येत नाजूक. आणि हे आडवे पडलेत ना, त्यांनी सासऱ्यांना सांभाळून आणलं."